उजवीकडे बसलेल्यासाठी

मध्य भारत नावाचं राज्य होतं तेव्हा त्याची राजधानी हिवाळ्यात इंदूरहून ग्वाल्हेरला जात असे. दिवाळी आटोपली की सचिवालयातल्या फायली खोक्यांत भरल्या जात आणि फायलींमागे कारकून जात. माझे वडील त्या कारकुनांत होते. त्यामुळे आगमनकाळ, म्हणजे नाताळाच्या आधीचे तयारीचे आठवडे, आमच्या घरी वडिलांशिवाय सुरू होई आणि घरची उपासना आई चालवी.

आम्ही इंदूरला मिशनच्या आवारात राहत होतो. आई तिथल्या मुलींच्या शाळेत शिकवत होती. आवारात शाळा, बायकांचं इस्पितळ, चर्च आणि नोकरमाणसांची बैठी घरं होती. कुंपणापलीकडे, पलासियाच्या बाजूला, तेव्हा शेतं लागत. चर्चमधली उपासना हिंदीत होई. मराठी घरं मोजकी, बहुतेक नगरकडून आलेली. आगमनकाळात मात्र रोज संध्याकाळी एकेका घरी मराठीत सभा भरे. मी नुकताच एका हिंदी दैनिकात मुद्रितं तपासायला लागलो होतो. सभा संपली की सायकल काढून कामावर जाई.

सभेचा क्रम ठरलेला होता. गीत, शास्त्रपाठ, घरच्या यजमानाचं मनन, आणि शेवटी साखळी प्रार्थना. सगळे गोल करून चटयांवर बसत, डोळे मिटत आणि एकामागून एक प्रार्थना करत. या साखळीला आमच्या आवारात एक नियम होता. तो मी नंतर दुसऱ्या कुठल्याही मंडळीत पाहिला नाही. स्वतःसाठी काही मागायचं नाही. आपल्या उजवीकडे बसलेल्यासाठी मागायचं. आणि मोघम मागायचं नाही. सभा चालवणारे निवृत्त शाळामास्तर, ज्यांना सगळे मास्तरजी म्हणत, मोघमपणावर चिडत. "सगळ्यांना आशीर्वाद दे, ही काय प्रार्थना झाली? बिनपत्त्याचं पाकीट आहे ते. डब्यात पडेल, पोचणार कुठे?"

म्हणून सभेआधी ओट्यावर चौकशा चालत.

"तुमच्यासाठी काय मागू, भाऊ?"

"मुलाची परीक्षा घ्या."

"गेल्या साली घेतली होती. फेल झाला."

"मग माझी कंबर घ्या. ती तरी पास होऊ द्या."

आईच्या उजवीकडे बसणारी बाई बहुतेक ठरलेली होती. इस्पितळातली एक नर्स, आमच्या शेजारच्या घरात एकटी राहणारी. मी तिला मावशी म्हणे आणि आई आक्का. नवरा लवकर गेला, भावाच्या घरी भावजयीशी पटलं नाही, म्हणून ती नगर सोडून इंदूरला आली होती. नोकरीबरोबर मिळालेलं दोन खोल्यांचं घर हे तिचं एकमेव घर होतं. नोकरी गेली तर ते जाणार आणि तिला भावाच्या दारात उभं राहावं लागणार, हे ती हसत हसत सांगत असे. "भावजय माझी वाटच बघते आहे. माझ्यासाठी म्हणून भांडी मांजून ठेवली नाहीत तिने अजून."

मावशीला ऐकू येईनासं झालं होतं. उजवा कान आधी गेला, मग डावाही जाऊ लागला. माणूस समोर असला तर ती ओठांवरून आणि चेहऱ्यावरून समजून घेई, आणि उत्तरं इतकी चटकन देई की कोणाला शंका येत नसे. हे फक्त आईला माहीत होतं. आईकडून मला कळलं. आईला डाव्या हाताला घेऊन बसलं की चांगला कान आईकडे राही, म्हणून ती नेहमी आईच्या उजवीकडे बसे. पण प्रार्थनेत डोळे मिटलेले आणि माना खाली. तेव्हा तिला काहीच कळत नसे. आपली प्रार्थना संपली की आई तिला कोपराने हलकंच ढोसत असे. मावशी मोठ्याने "आमेन" म्हणे आणि आपली प्रार्थना सुरू करी.

आई तिच्यासाठी मागताना रोज काहीतरी शोधून काढी. मावशीचे सुजणारे पाय, तिच्या भावाची पिकं, एकदा तिची हरवलेली छत्री. मास्तरजींनी छत्रीवर नापसंती दाखवली होती, पण ती मोघम नव्हती, म्हणून चालून गेली.

त्या वर्षी आगमनकाळ सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत मावशी दुपारची आमच्याकडे आली. खुर्चीत बसली आणि रडू लागली. भेटीची वेळ संपल्यावर वॉर्डात ती एकटी होती. ती पाठमोरी उभी राहून पट्ट्या गुंडाळत होती. पडद्यामागची बाई हाका मारत होती. आया बाहेरून धावत आली, तेव्हा मूल अर्धं बाहेर आलं होतं. बाळंतीण आणि मूल दोघंही सुखरूप राहिली. आयेला वाटलं, मावशी तिथे नव्हतीच, आणि मावशीने तिला तसं वाटू दिलं.

"मिससाहेबांना सांग," आई म्हणाली. मिससाहेब म्हणजे इस्पितळाच्या प्रमुख डॉक्टर.

"सांगेन."

"आज सांग, आक्का."

"नाताळ होऊ दे. एवढा एक नाताळ माझ्या घरात करू दे. मग मीच जाऊन सांगते. खुदा की कसम."

"आणि तोवर दुसरी एखादी बाई हाक मारेल तेव्हा?"

मावशीने याचं उत्तर दिलं नाही. तिने ते ऐकलं नाही, की ऐकून सोडून दिलं, हे समजायला मार्ग नव्हता. आईने प्रश्न पुन्हा विचारला नाही.

त्यानंतर आमच्या घरची सभा आली. आईने मननासाठी मंदिरात सेवा करणाऱ्या म्हाताऱ्या याजकाची बायबलातली गोष्ट घेतली. देवदूत त्याला सांगतो की तुला मुलगा होईल. त्याचा विश्वास बसत नाही आणि मूल जन्मेपर्यंत त्याची वाचा जाते. आगमनकाळात ही गोष्ट दर वर्षी कोणीतरी घेतच असे. आईने त्यातला एक बारकावा पुढे आणला. मुलाचं नाव काय ठेवायचं, हे लोकांनी त्या म्हाताऱ्याला खुणा करून विचारलं. तो मुका होता, तर त्याला तोंडाने विचारायला काय हरकत होती? म्हणजे त्याला ऐकूही येत नव्हतं. मुकेपणाबद्दल सगळे बोलतात, आई म्हणाली, पण त्याच्या बहिरेपणाबद्दल कोणी बोलत नाही. इतके महिने तो शांततेत बसला होता आणि त्याच्या घरात काय चाललंय ते त्याला खुणेनेच कळत होतं.

मास्तरजी म्हणाले, "वा. हे माझ्याही लक्षात नव्हतं आलं."

मनन चालू असताना मिससाहेब आल्या. आगमनकाळात त्या एकेक घर गाठत. आज आमच्याकडे येतील असं कोणाला माहीत नव्हतं. त्यांची उमेदीची वर्षं दक्खनमध्ये गेली होती, त्यामुळे त्यांना मराठी चांगलं येई, जरा पुस्तकी. मी खुर्ची पुढे केली. ती नको म्हणून त्या चटईवर मावशीच्या उजवीकडे बसल्या. आईने त्यांना पाहिलं. मग सगळ्यांनी डोळे मिटले.

मी मिटले नव्हते. आईच्या डाव्या बाजूला बसलेल्या, इस्पितळातल्या कंपाउंडरने आईच्या शाळेसाठी मागितलं. मग आईची पाळी आली.

"प्रभो, माझ्या या बहिणीचे कान गेले आहेत. ती कोणाला सांगत नाही. वॉर्डात बाई हाका मारत होती आणि तिला ऐकू आलं नाही. तिला ऐकू येऊ दे. नाहीतर सांगायचं धैर्य दे."

खोलीत एक-दोन डोळे उघडले. मावशी मान खाली घालून, हात जोडून बसली होती. आईचं कोपर काही वेळ हललं नाही. मग तिने मावशीला ढोसलं.

"आमेन!" मावशी सगळ्यांपेक्षा मोठ्याने म्हणाली, आणि लगेच आपली प्रार्थना म्हणू लागली. "प्रभो, मिससाहेबांचे पाय दुखतात. त्या कोणाला सांगत नाहीत. दिवसभर उभ्या असतात. त्यांना थोडा आराम दे, त्यांच्यावरचं ओझं हलकं कर."

मिससाहेबांनी मास्तरजींच्या खोकल्यासाठी मागितलं.

सभा उठल्यावर चहा झाला. मावशीने कप फिरवले. बाकीची माणसं कपात बघत चहा पीत होती. मिससाहेब दारात आईला "सलाम" म्हणाल्या आणि निघून गेल्या. मला कामावर जायला उशीर झाला होता, तरी मी थांबलो. आई चुलीपाशी बसली होती.

"मी देवाला सांगत होते की त्यांना?" तिने विचारलं.

मला माहीत नव्हतं. तसं मी म्हणालो.

"तुमच्या पेपरात भलतंच काही छापून गेलं तर काय करता?"

"दुसऱ्या दिवशी खुलासा देतो."

"कुठे?"

"आतल्या पानावर."

"लोक वाचतात?"

"सहसा नाही."

दुसऱ्या दिवसापासून आवारातले सगळे मावशीशी ओरडून बोलू लागले. कोणाचाही हेतू वाईट नव्हता. कंपाउंडरची बायको नळावरून किंचाळली, "मावशी, पानी आ गया!" चर्चच्या चौकीदाराने कानाशी हात नेऊन मोठ्याने सलाम केला. मावशी संध्याकाळी आईकडे आली. "या लोकांना झालंय काय ग? सगळे माझ्यावर खेकसताहेत. मी कोणाचं काय केलं?"

आई म्हणाली, "थंडी आहे. घसे बसलेत सगळ्यांचे, म्हणून जोर लावतात."

हे खोटं तिने माझ्यासमोर सांगितलं. मावशी गेल्यावर माझ्याकडे न बघता तिने तळायला आणलेले गराडूचे कंद चिरायला घेतले आणि निम्मे वाया घालवले.

दोन दिवसांनी मावशी हातात करंज्यांचं ताट घेऊन आली. तिला वॉर्डातून काढून कपड्यांच्या खोलीत दिलं होतं. इस्पितळाच्या चादरी, अंगरखे, लंगोट घड्या घालून द्यायचे आणि फाटलेले शिवायचे.

"मागितलंसुद्धा नव्हतं मी!" ती म्हणाली. "बसून काम. पायांना आराम. आणि ऐकायचं कोणाचं? चादरी काय हाका मारतात? अगं, आता कोणाला कळायचं कारणच उरलं नाही. तू रोज माझ्या पायांसाठी मागत होतीस ना? बघ, ऐकलं त्याने. ही करंजी खा. तुझ्यासाठी पहिली आणली."

आईने करंजी घेतली. मावशी समोर बसली होती, म्हणून खाल्लीही.

त्या आठवड्यात आई सभांना जात राहिली. मावशी तिच्या उजवीकडेच बसे. आपली पाळी आली की आई म्हणे, "सगळ्यांना आशीर्वाद दे." मास्तरजींनी एकदा घसा खाकरला, पण बोलले नाहीत. पत्ता असलेली प्रार्थना कुठे पोचली, ते त्यांनीही ऐकलं होतं.

शेवटी आई मिससाहेबांकडे गेली. मला बरोबर नेलं, का ते सांगितलं नाही. मिससाहेबांनी आम्हाला बसवलं.

"माझी चूक झाली," आई म्हणाली. "मी जे बोलले ते तुम्ही ऐकलं नाही असं समजा."

"बाई, ते मला अशक्य आहे," मिससाहेब म्हणाल्या. "आपण प्रार्थनेत बोललात, म्हणून मी तिला कचेरीत बोलावून जाब विचारला नाही. परंतु मी डॉक्टर आहे. ऐकल्यावर तिला वॉर्डात ठेवणे मला शक्य नव्हते."

"तिची नोकरी?"

"तिने स्वतः येऊन सांगावे. नाताळापूर्वी. ती आली तर कपड्यांची खोली तिची आणि घरही तिचे. इस्पितळाची समिती माझे ऐकेल. ती आली नाही तर नव्या वर्षी मला तिचे कान तपासावे लागतील, आणि मग समिती विचारील की ही बाई इतके दिवस गप्प का होती. तेव्हा मी काही करू शकणार नाही."

"तिला तुम्ही सांगा."

"नाही," मिससाहेब म्हणाल्या. "तिला आपणच सांगायला हवे."

परतताना आई सरळ मावशीच्या दारात गेली. दुपारची वेळ होती. नळावर बायका होत्या. मी बाहेर ओट्यावर थांबलो. आईने दार लावून घेतलं, खिडकी लावली. पण मावशीला हळू सांगून भागणारं नव्हतं. पहिलं वाक्य आईने हळू म्हटलं असावं, कारण मावशीचा आवाज आला, "काय? काय म्हणतेस?" मग आई मोठ्याने बोलली, आणि नळावरच्या बायका बोलायच्या थांबल्या.

"मी सांगितलं! प्रार्थनेत! मिससाहेबांसमोर!"

"काय सांगितलंस?"

"तुझ्या कानांचं!"

"कधी?"

"माझ्या घरी! तू शेजारी बसली होतीस!"

"मग मी काय केलं?" मावशीने विचारलं.

"तू आमेन म्हणालीस."

हे बहुतेक तिला ओठांवरून कळलं, कारण आईने ते मोठ्याने म्हटलं नव्हतं. मला जेमतेम ऐकू आलं. नंतर आईने मिससाहेबांचा निरोप सांगितला, एकेक शब्द ओरडून: नाताळापूर्वी, स्वतः जाऊन. कंपाउंडरच्या बायकोने आपली बादली उचलली आणि भरायच्या आधीच निघून गेली. बाकीच्याही पांगल्या.

दार उघडून मावशी बाहेर आली. तिने पदर नीट केला, चपला घातल्या. मला पाहून म्हणाली, "काय अखबारवाले, छापायचं आहे का?" उत्तराची वाट न बघता ती इस्पितळाच्या दिशेने गेली. ती भराभर चालत होती. आई आतच होती. मी आत गेलो नाही.

मिससाहेबांनी शब्द पाळला. मावशीला कपड्यांची खोली कायमची मिळाली आणि घर राहिलं. समितीत एकाने हरकत घेतली होती असं पुढे कळलं. मिससाहेबांनी ती मोडून काढली. वॉर्डातली ती दुपारही मावशीने त्यांना सांगितली होती.

नाताळच्या दिवशी उपासना संपल्यावर चर्चच्या पटांगणात सगळे एकमेकांना सलाम करत होते. वडील चार दिवसांच्या रजेवर ग्वाल्हेरहून आले होते. मावशी गर्दीतून आईकडे आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सलाम! काय मागितलंस ग आज माझ्यासाठी?"

आजूबाजूचे हसले. आई म्हणाली, "काही नाही."

"बरं केलंस," मावशी म्हणाली. तिने आईला मिठी मारली आणि वडिलांना म्हणाली, "साहेब, ग्वाल्हेरची तिळाची गजक आणली की नुसत्या फायली?" मग ती मिससाहेबांकडे गेली, त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला, कंपाउंडरच्या बायकोकडे गेली, मास्तरजींकडे गेली. त्या दिवशी ती आवारातल्या प्रत्येक माणसाला भेटली. कोणाला वगळलं नाही.

घरी जेवताना वडिलांना सगळं सांगून झालं. ते व्यवहारी होते. सचिवालयात माणसं सतत कुठून तरी कुठे तरी हलवली जातात, आणि बहुतेकांचं शेवटी ठीक होतं, असं त्यांचं मत होतं.

"मग चांगलंच झालं की," ते म्हणाले. "वॉर्डातला धोका टळला. नोकरी राहिली, घर राहिलं. आणि तिने तुला माफही केलं. सगळ्यांसमोर."

"सगळ्यांसमोरच करावं लागलं तिला," आई म्हणाली.

"म्हणजे?"

"आता ती इथे राहते ती मिससाहेबांच्या आणि समितीच्या मर्जीवर. भांडखोर म्हटलेलं तिला परवडणार नाही. माझ्यावर चिडून बसली असती तर लोक काय म्हणाले असते? बाईचं भलं झालं तरी कुरकुर करते. त्या दिवशी दारातून निघाली तेव्हा किती चिडली होती ते मी बघितलंय. तो राग तिला गिळावा लागला. तेवढासुद्धा मी तिच्याकडे ठेवला नाही."

वडिलांनी भात कालवला. ते म्हणाले, "तू फार विचार करतेस. तिला विचारून बघ एकदा."

"विचारलं तर ती काय म्हणेल? माफ केलं म्हणेल."

वडील जेवत राहिले. पलीकडे मावशीच्या घरात पाहुणे आले होते. ती त्यांच्याशी मोठ्याने बोलत होती. ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं, आवाजाचं माप सुटलेलं. भिंतीतून तिचं हसणं येत होतं. आईने पानातून हात काढला आणि ती ऐकत बसली.